स्टाईल नंतर, आधी फोम काप
प्रॉडक्ट डिझाईन शिकताना स्वतःची स्टाईल कशी डेव्हलप करायची म्हणून विचारलंयस, पण पहिल्या वर्षाला तिच्या मागं लागूच नकोस असं माझं मत. पिंटरेस्ट बंद कर आणि मिक्सरच्या एकाच हँडलचे चार-पाच फोम मॉडेल बनव, कडेचा रेडियस, म्हणजे गोलाई, बदलत बदलत; ३ मिमी आणि ८ मिमीत हाताला काय फरक पडतो ते स्क्रीनवर कळतच नाही. जर्मन डिझायनर डिटर राम्सचा १९५८ चा, ब्राउन कंपनीचा टी३ रेडिओ बघ, चौकोनी डबी, भोकांची जाळी नि एक गोल डायल, बास, सगळी कमाल प्रपोर्शनची. सोलापुरातच आहेस तर चादरीच्या कारखान्यात जेकार्ड माग (ताण्याचे धागे हवे तसे उचलून नक्षी विणणारा) बघून ये, नक्षीची वळणं पायऱ्यापायऱ्यांची का येतात ते तिथं लगेच कळतं. आणि हो, मॉडेलला थर्माकोल नको, कापताना नुसते दाणे उडतात.