बागेचा पाला उचलायचा कोणी?

एरंडवण्याचे आजोबा:
फाटकाशी अकरा पोती उभी आहेत. रस्त्यावरच्या रेन ट्रीचा निम्मा पाला आमच्या कुंपणाच्या आत पडतो, वर आमच्या नारळाच्या झावळ्या. रोज येणाऱ्या ताई ओला-सुका नेतात, पोत्यांना हात लावत नाहीत. मुकादम म्हणतो, "बागेचा कचरा आमच्यात बसत नाही." पुणे पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेलो तर म्हणे गाडीसाठी अर्ज करा. केला. तीन आठवडे झाले. मिळकतकर मी दरवर्षी मे संपायच्या आत भरतो. झाड सरकारी आणि पाला मात्र माझा?

तिसरा मजला:
आजोबा, राग मानू नका. बंगला तुमचा, नारळ तुमचे, सावली तुमची. आम्ही ६०० चौरस फुटांत राहतो, तुमच्या पाल्याची गाडी आमच्या करातून का फिरवायची? त्या ताई हातगाडी ढकलत गल्लोगल्ली फिरतात. अकरा पोती चढवली तर बाकीच्यांचा कचरा डोक्यावरून न्यायचा का? २०१६च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट केलं होतं: बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी विल्हेवाट लावायची.

एरंडवण्याचे आजोबा:
"सांगेल तशी"! अहो, तेच तर विचारतोय. सांगा ना. साठवून झालंय, पोत्यांवर मांजर व्यायलंय.

मातीवेडी:
मुळात पाला कचरा नाहीच. रेन ट्रीची बारीक पानं तर लवकर कुजतात; आंबा-फणसाची जाड, चिवट, त्यांना वेळ लागतो. जाळीचा गोल पिंजरा करा, तळाशी काटक्या, त्यावर पाला, अधूनमधून शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडा. ओल राहिली पाहिजे, पण चिखल नको. मूठभर दाबून पाहा, हात ओला व्हावा, पाणी गळू नये. स्वयंपाकघरातला ओला कचरा त्यातच मिसळला तर आणखी बरं, नुसत्या कोरड्या पाल्यात नत्र कमी पडतं. ढीग बघता बघता खाली बसतो. पुण्यात गांडूळखत प्रकल्पाला मिळकतकरात ५ टक्के सवलतही आहे, आजोबांना आवडेल.

सोसायटीचा सचिव:
ताई, लिहायला सोपं आहे. ७४ वर्षांच्या माणसानं ढीग कसा उलथायचा? आमच्याकडे खतखड्डा केला, पहिल्या पावसात घुशी आल्या आणि सभेत माझीच हजामत झाली. शिवाय तुम्ही झावळ्यांबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. त्या वर्षभर तशाच पडून राहतात. श्रेडर, म्हणजे बारीक तुकडे करणारं यंत्र लागतं, आणि ती एकेका बंगल्यानं घ्यायची वस्तू नव्हे. इथे पालिकेनंच यायला हवं, आठवड्यातून एक ठरलेला वार, बस्स. पैसे घ्या हवं तर.

तिसरा मजला:
पैसे घेऊन गाडी येणार असेल तर माझी हरकत नाही. फुकट नको, एवढंच.

गल्ली क्र. ४:
आमच्याकडे रात्री काडी लावतात. अर्ज नाही, मुकादम नाही.

मातीवेडी:
आणि दमा शेजारच्या पोराला. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, राष्ट्रीय हरित लवादानं २०१६मध्येच सांगितलंय. गाडीचा आग्रह धरणाऱ्यांनीही विचार करा, ती गाडी जाते कुठे? वर्षानुवर्षं आपण सगळं उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोत ओतलं, तिथल्या विहिरी नासल्या, मग लोकांनी गाड्या अडवल्या. तेव्हा कळलं आपल्याला कचरा म्हणजे काय.

सोसायटीचा सचिव:
पाल्यानं नासल्या नाहीत त्या. मिसळून टाकल्यामुळे नासल्या. म्हणून तर वेगळी गाडी मागतोय.

मातीवेडी:
हे मान्य. आजोबा, रविवारी सकाळी सहकारनगरहून गाडी घेऊन येते, पोती मला द्या. आत प्लास्टिक, खिळे, तारा नकोत. आणि झावळ्या नकोत.

एरंडवण्याचे आजोबा:
या, चहा करतो. मांजर कुठे हलवायचं ते बघतो. पण झावळ्यांचं काय?

तिसरा मजला:
हीर काढून खराटे करा. नाहीतर झावळ्यांचा अर्ज वेगळा करायचा असेल.