'कशावरही विश्वास ठेवू नका' हे मुलांना शिकवू नये

पाऊलखूण :
कालच्या चर्चेत 'निरभ्र' यांनी लिहिले की, शाळेत आठवड्याला चिकित्सक विचाराची एक स्वतंत्र तासिका असावी, तिच्यावर कोणत्याही विषयाचे ओझे नसावे आणि 'कशावरही विश्वास ठेवू नका, स्वतः शोधा' हे सूत्र मुलांच्या मनावर बिंबवले की खोट्या बातम्यांचा प्रश्न एका पिढीत सुटेल. मी एकोणीस वर्षे इतिहास शिकवते आहे. हे वाचून मी अस्वस्थ झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी डेझीच्या फुलांचे ते छायाचित्र पडद्यावर दाखवले, ज्यात फुले एकमेकांना चिकटून वेडीवाकडी वाढलेली दिसतात आणि सोबतच्या ओळीत त्यांचा संबंध २०११ मध्ये अपघात झालेल्या जपानमधील फुकुशिमाच्या अणुभट्टीशी जोडलेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१६ साली जाहीर झालेल्या पाहणीत माध्यमिक शाळेतील जवळपास ४० टक्के विद्यार्थ्यांनी हेच छायाचित्र भट्टीजवळच्या परिस्थितीचा भक्कम पुरावा मानले होते. माझ्या वर्गात नेमके उलटे घडले. 'खोटे आहे, फोटोशॉप केले आहे' असा एकच गलका झाला. 'कशावरून?' असे मी विचारले, तेव्हा एकालाही उत्तर देता आले नाही. वनस्पतींमध्ये अशी विकृत वाढ किरणोत्साराशिवायही होते, त्यामुळे छायाचित्र खरे असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असू शकतो, ही शक्यता कोणाच्या मनाला शिवलीही नाही. त्या पाहणीतल्या मुलांनी न तपासता विश्वास ठेवला, माझ्या मुलांनी न तपासता नाकारले, आणि वर आपण फसलो नाही याचे समाधानही मिळवले. मला त्या समाधानाची भीती वाटते.

आता 'विषयाचे ओझे नको' या म्हणण्याविषयी. मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी १९६६ मध्ये मांडलेले चार पत्त्यांचे कोडे अनेकांना माहीत असेल. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला संख्या असते; समोर अ, क, ४ आणि ७ दिसतात, आणि एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते, हा नियम पाळला गेला आहे का ते मोजके पत्ते उलटून पाहायचे आहे. उलटायला हवेत अ आणि ७, कारण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो, पण बहुतेक जण अ आणि ४ उलटतात. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी तेच कोडे मद्यपानाच्या किमान वयाच्या नियमाच्या रूपात विचारले, तेव्हा बहुसंख्यांना ते सुटले. तर्क तोच होता, ओळखीचा विषय मिळताच तो चालू लागला. मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम २००७ पासून हेच सांगत आहेत की, विषयाच्या ज्ञानापासून सुटा काढून विचार शिकवता येत नाही. म्हणून स्वतंत्र तासिकेऐवजी तो सगळ्या विषयांत मुरवावा, असे मला वाटते.

निरभ्र :
माझ्या एका वाक्याचा आपण विपर्यास केला आहे. विश्वास ठेवू नका याचा अर्थ तपासल्याशिवाय ठेवू नका असा आहे, आणि तो कोणत्याही वाचकाला कळण्यासारखा आहे. 'सगळ्या विषयांत मुरवू' हे वाक्य मी तीस वर्षे ऐकतो आहे. सगळ्यांचे काम कोणाचेच नसते. भूगोलाचे शिक्षक म्हणतात की ते भाषेच्या तासाला होईल, भाषेचे शिक्षक इतिहासाकडे बोट दाखवतात आणि वर्षअखेरीस अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या धावपळीत तेवढेच राहून जाते. वेळापत्रकात ज्याला चौकट नाही ते शाळेत शिकवले जात नाही, हे आपल्यासारख्या अनुभवी शिक्षिकेला मी सांगण्याची गरज नसावी. अमेरिकेतील लिंकन शहरातील ४९९ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रत्येकी ५० मिनिटांचे केवळ सहा पाठ दिले गेले आणि मुलांची संकेतस्थळे पारखण्याची क्षमता वाढली. सहा पाठांनी फरक पडतो, तर तासिकेला विरोध का?

पाऊलखूण :
ते सहाही पाठ शासनव्यवस्था या विषयाच्या वर्गात, त्याच शिक्षकांनी घेतले होते. आपण दिलेले उदाहरण माझ्या बाजूचे आहे.

जुनी पोथी :
मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे माझे दुखणे वेगळे आहे. संकेतस्थळ विश्वसनीय आहे का हे ठरवण्यासाठी मुलांना अजूनही तपासणी-तक्ता दिला जातो. 'आमच्याविषयी' हे पान आहे का, तारीख आहे का, पत्त्याच्या शेवटी 'ऑर्ग' आहे का, शुद्धलेखन बरे आहे का, असे त्यात विचारलेले असते. या सगळ्या खुणा फसवणाऱ्याला सहज उभ्या करता येतात. शिक्षण-संशोधक सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना संकेतस्थळे पारखायला दिली, तेव्हा विद्वान इतिहासकारही देखण्या बोधचिन्हाला भुलले. तपासनीस मात्र पान जेमतेम पाहून तिथून बाहेर पडले, नव्या टॅबमध्ये त्या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते त्यांनी पाहिले आणि मग मूळ पानाकडे वळले. आपण मुलांना 'नीट, लक्षपूर्वक वाचा' असे सांगतो. अनोळखी पानाच्या बाबतीत आधी ते सोडून बाहेर जायला शिकवले पाहिजे.

शाई :
वरची चर्चा मोलाची असेल, पण मूळ रोगाला कोणी हात घालत नाही. माझ्या मुलीने परीक्षेत एका उताऱ्याविषयी लिहिले की, लेखकाने एकाच उदाहरणावरून सर्वसाधारण विधान केले आहे, म्हणून ते सिद्ध होत नाही. पाच गुणांपैकी तीन कापले गेले आणि समासात लाल शाईने शेरा आला, 'मुद्दे अपेक्षित उत्तरानुसार नाहीत.' त्यानंतर तिने स्वतःचे मत लिहिणे सोडले. ती आता मार्गदर्शकातील उत्तर पाठ करते आणि तिला पूर्ण गुण मिळतात. जी व्यवस्था विचाराला दंड करते, तिने माध्यमसाक्षरतेविषयी बोलूच नये.

पाऊलखूण :
आपल्या मुलीविषयी वाईट वाटले. तरीही नमुना उत्तराला शत्रू ठरवू नका. माझ्यापुढे दीडशे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो आणि पहिली पत्रिका सकाळी ताज्या मनाने, तर शेवटची रात्री थकल्या डोळ्यांनी तपासली जाते. नमुना उत्तर नसेल तर गुण माझ्या मनःस्थितीवर ठरतील. तो मुलांवरच अन्याय आहे.

शाई :
आपण ज्याला न्याय म्हणता तो सर्वांना सारखे गप्प बसवण्याचा न्याय आहे. दीडशे मुलांनी एकच वाक्य लिहावे यात आपली सोय आहे, त्यांचे भले नाही. शिक्षकांच्या थकव्याची किंमत एका चौदा वर्षांच्या मुलीने का मोजावी?

पायथा :
मी गणित शिकवतो आणि आरोपाचा हा सूर मला मान्य नाही. आमच्याकडे रीत वेगळी असली तरी उत्तर बरोबर आल्यास पूर्ण गुण देतात. तपासनीसाला दोष देणाऱ्यांनी एकदा तो गठ्ठा उचलून पाहावा.

शाई :
गणितात बरोबर उत्तर एक असते. मताला तो नियम लावता, हीच तर माझी तक्रार आहे. मी कष्टांविषयी अवाक्षर काढलेले नाही. मी शेऱ्याविषयी बोलते आहे.

दुपार :
गुणांवरून भांडण चालू असताना मूळ सूत्राविषयी एक गोष्ट सांगतो. माझे वडील निवृत्त अभियंता, आयुष्यभर प्रत्येक गोष्ट पारखून घेणारे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. त्यांनी एक वही ठेवली होती आणि तिच्यात पाहिलेल्या चित्रफितींची नावे, तारखा, औषध कंपन्यांच्या नफ्याचे आकडे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. आम्ही समजावले, तेव्हा ते म्हणाले, 'तुम्ही डॉक्टरवर आंधळा विश्वास ठेवता, मी स्वतः शोधले आहे.' पाच महिन्यांनी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात अजून उचलत नाही. ती वही माझ्याकडे आहे. त्यांच्याकडे शंका भरपूर होती. कोणाचे ऐकावे हे ठरवण्याची रीत नव्हती. माध्यम-संशोधक डॅना बॉइड यांनी २०१८ मधील भाषणात हाच इशारा दिला होता की, शंका घेण्याचे शिक्षण गैरमार्गाने वळवता येते. माध्यमशिक्षणाच्या अभ्यासक रेनी हॉब्ज यांनी त्यांना जाहीर उत्तर दिले आणि माध्यमशिक्षणाची बाजू मांडली, तीही मी वाचली आहे. पण माझ्या घरात जे घडले ते बॉइड यांच्या म्हणण्यासारखे घडले.

निरभ्र :
'दुपार' यांचे वाचल्यावर 'कशावरही विश्वास ठेवू नका' हे वाक्य मी मागे घेतो. ते तसे लिहायला नको होते. तासिकेची मागणी मात्र मागे घेत नाही. 'जुनी पोथी' सांगतात ती बाहेर जाऊन पाहण्याची सवय सरावानेच लागेल आणि सरावाला ठरलेला वेळ लागतो. तो इतिहासाच्या तासातून काढून देणार असाल तर माझी हरकत नाही, पण किती तास देणार ते आकड्यात सांगा.

पाऊलखूण :
प्रत्येक सत्रात चार तास देईन, आणि कोणते प्रकरण आटोपते घ्यायचे ते मी ठरवीन. 'शाई', एक विचारते. त्या उताऱ्याखालचा प्रश्न 'लेखकाचे मत स्पष्ट करा' असा होता की 'आपले मत लिहा' असा?

शाई :
'लेखकाच्या विधानाविषयी आपले मत लिहा' असा होता. प्रश्नपत्रिका माझ्यासमोर आहे.

पाऊलखूण :
मग ते तीन गुण कापणे चूक होते. प्रश्न मत मागत होता आणि तिने ते कारणासह दिले होते. पुढच्या चाचणीत अशा प्रश्नाला मी नमुना उत्तर जोडणार नाही. विधान नीट समजले का, कारण दिले का आणि ते उताऱ्यातून दाखवले का, एवढ्या तीनच गोष्टींना गुण ठरवीन. दीडशे पत्रिकांना ते झेपते का, हे मला अजून माहीत नाही. स्वतंत्र तासिकेविषयी माझे मत बदललेले नाही.