संयुक्त मानापमान म्हणजे नक्की काय?

चाफा_परळ:
परवा दादरला ‘मानापमान’ हे संगीत नाटक पाहिलं. मध्यंतरात शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमचे सासरे संयुक्त मानापमानाला होते." संयुक्त म्हणजे? आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या शालू-अत्तराचं कौतुक ऐकून कान किटलेत. अभिनयाचं कोणी बोलेल का?

पायपेटीवाले_काका:
८ जुलै १९२१, बालीवाला थिएटर. गंधर्व आणि ललितकलादर्श या एकमेकींशी चुरस असलेल्या दोन नाटक कंपन्या टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आल्या. नायिका भामिनी झाले बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव भोसले. माझे आजोबा फणसवाडीतून चालत गेले, तिकीट काही परवडलं नाही. बाहेर उभं राहून वन्समोरचा गलका तेवढा ऐकला, आणि तोच आयुष्यभर सांगितला! केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, अवघे ३१ वर्षांचे.

आता बालगंधर्वांचा अभिनय. शालू सोडा, ‘एकच प्याला’तली सिंधू बघा. ठिगळाचं लुगडं, दारुड्या नवरा, तिथे अत्तर काय कामाचं? जुन्या तबकड्या लावून ऐका. तान कितीही फिरो, शब्द पुसला जात नाही. मी चाळीस वर्षं हौशी मंडळांत पायपेटी वाजवली. एकदा तालमीत रंगात येऊन भाता असा काही मारला की सिंधू करणाऱ्या बाईंचा आवाजच बुडाला. आमचे बुवा थंडपणे म्हणाले, "लोकांनी बाई ऐकायला तिकीट काढलंय." तेव्हापासून पद संपत आलं की माझा पाय आपोआप हलका होतो.

ठाण्याचा_जावई:
काका, पण उतारावरचं कोण बोलणार? बोलपट आले, डोक्यावर कर्ज, वय वाढलेलं. १९३५ साली प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथ केले, म्हणजे चक्क पुरुषवेषात. नंतर पुन्हा नाटकच. पुढे त्यांच्या नाटकांतल्या स्त्रीभूमिका गायिका-अभिनेत्री गोहरबाई करू लागल्या.

पायपेटीवाले_काका:
उतार होताच, नाही कोण म्हणतो? पण पाय अधू झाल्यावरही माणूस बसून भजनं गात होता. १९६४ला पद्मभूषण, १९६७ला गेले. कर्जाचं म्हणाल तर उधळपट्टी त्यांचीच. मी त्यांची वकिली करणार नाही.

चाफा_परळ:
काकूंना पुन्हा विचारलं. सासरे आत होते की बाहेर, यावर घरात दोन तट आहेत. तिकिटाचा अर्धा तुकडा ट्रंकेत होता म्हणे, २००५च्या पुरात ट्रंकच गेली.