निकोटीन गमने उचकी लागते, तलफ मात्र तशीच

प्रश्न: रोज १५ सिगारेटी, पहिली उठल्याउठल्या. त्याऐवजी २ मिग्रॅचा गम चालू केलाय. घसा जळजळतो, उचकी लागते. चुकतंय काय?

उत्तर १: साध्या च्युइंगमसारखा सलग चावू नका. निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, म्हणून उचकी. सावकाश चावा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवा. ओसरल्या की पुन्हा चावा. एक गम अर्धा तास पुरवा.

उत्तर २: आणि चहा! गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नकोच. आम्लामुळे निकोटीन तोंडात शोषलं जात नाही.

उत्तर ३: उठल्यावर अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल तर ४ मिग्रॅ हवा, डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिले ६ आठवडे दर १-२ तासांनी एक, दिवसाला २४ च्या वर नाही. बरं वाटलं तरी १२ आठवडे पुरे करा, हळूहळू कमी करत.