मदत हवी आहे : इन्क्लिनोमीटर आणि पिझोमीटरच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत

उतारपाहणी (धागाकर्ता)

रस्त्याच्या वरच्या अंगाच्या एका उतारावर आम्ही उपकरणे बसवली आहेत. ताज्या नोंदींनुसार इन्क्लिनोमीटरचे (जमिनीखालील सरकणे मोजणाऱ्या उपकरणाचे) केसिंग, म्हणजे बोअरमध्ये बसवलेली नळी, तळापासून माथ्यापर्यंत एकसारखे उताराच्या दिशेने कललेले दिसते आणि माथ्याशी हे विस्थापन सुमारे १० मिलिमीटर भरते. शेजारच्या दोन पिझोमीटरांपैकी (जमिनीतील पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणांपैकी) एक पाणी जमिनीखाली ६.४ मीटरवर दाखवतो आणि दुसरा ५.१ मीटरवर. पाऊस पडला की दुसरा झपाट्याने वर जातो, पहिला मात्र जागचा हलत नाही. खालच्या रस्त्यावर वाहतूक चालू आहे आणि ती थांबवण्याची शिफारस करायची की नाही, हे लवकर ठरवावे लागणार आहे. कोणत्या उपकरणावर विश्वास ठेवावा, एवढेच कृपया सांगावे.

खडकवाट

दोन्ही पिझोमीटर कोणत्या प्रकारचे आहेत, हे आपण लिहिलेले नाही. एक उघड्या नळीचा असेल, तर माझ्या मते त्याच्यावरच विसंबावे. नळीत फीत सोडून पाण्याची पातळी प्रत्यक्ष मोजता येते. जमिनीत गाडलेला सेन्सर पुन्हा बाहेर काढून तपासता येत नाही आणि त्याचे शून्य सरकले तरी कोणाला कळत नाही.

जलरेषा

पिझोमीटरकडे वळण्याआधी इन्क्लिनोमीटरबद्दल विचारते. केसिंग किती खोल आहे, त्याचा तळ पक्क्या खडकात किती रोवला आहे आणि प्रत्येक वेळी प्रोब (केसिंगमध्ये सोडून कल मोजणारे उपकरण) दोन्ही दिशांनी, म्हणजे एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून, उतरवला जातो का? आकृतीत एखाद्या खोलीवर ठळक मोड दिसतो की केवळ एक सरळ तिरपी रेषा दिसते?

उतारपाहणी

केसिंग २४ मीटर खोल असून तळाचे ५ मीटर कठीण खडकात आहेत. वर हवामानाने झिजलेला खडक आणि चिकणमाती आहे. सुरुवातीची नोंद दोन्ही दिशांनी घेतली होती, पण त्यानंतर वेळ वाचावा म्हणून पथक फक्त सरळ दिशेनेच प्रोब उतरवते. आकृतीत बहुतांशी सरळ तिरपी रेषाच आहे. ६.४ मीटर दाखवणारा पिझोमीटर ५० मिलिमीटर व्यासाच्या उघड्या नळीचा आहे. ५.१ मीटर दाखवणारा व्हायब्रेटिंग वायर प्रकारचा (ताणलेल्या तारेच्या कंपनावरून दाब मोजणारा सेन्सर) असून तो सिमेंट-बेंटोनाइटच्या ग्राउटमध्ये, म्हणजे बोअर भरण्याच्या मिश्रणात, थेट गाडला आहे. दोघांचीही टोके १२ मीटर खोलीवर चिकणमातीतच आहेत.

नभदृष्टी

एका बोअरवर अवलंबून राहण्यापेक्षा उपग्रहाच्या रडार प्रतिमा वापराव्यात. सेंटिनेल-१ या उपग्रहाची माहिती विनामूल्य मिळते आणि प्रतिमांच्या मालिकेतून संपूर्ण डोंगराची मिलिमीटरच्या पातळीवरील हालचाल काढता येते. मी ही पद्धत खचणाऱ्या भूभागांसाठी वापरली आहे आणि तिचे निष्कर्ष अतिशय उपयुक्त ठरले आहेत.

जलरेषा

नभदृष्टी, ही पद्धत मोठ्या क्षेत्रासाठी मोलाची आहे, हे मला मान्य आहे. मात्र या उपग्रहाच्या रडारची तरंगलांबी साधारण ५.५ सेंटिमीटर असल्यामुळे दाट झाडीत तिचे संकेत विस्कळीत होतात. शिवाय ती फक्त उपग्रहाच्या दृष्टिरेषेतील हालचाल मोजते, त्यामुळे उत्तर-दक्षिण सरकणे तिला जवळजवळ दिसत नाही. घसरण जमिनीखाली किती खोलीवर होते आहे, हे तर तिच्याकडून कळणारच नाही, आणि येथे प्रश्न नेमका तोच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. प्रोबमधील सेन्सरचा स्वतःचा एक लहानसा कायमचा कल असतो आणि तो काळानुसार थोडा बदलतो. दोन्ही दिशांच्या नोंदींची वजाबाकी केली की तो निघून जातो. एकाच दिशेची नोंद घेतली तर तो प्रत्येक टप्प्यात तसाच राहतो. २४ मीटरमध्ये अर्ध्या मीटरचे ४८ टप्पे होतात, म्हणजे प्रत्येक टप्प्यात ०.२ मिलिमीटर चूक शिरली तरी माथ्यावर ९.६ मिलिमीटर जमा होतात, आणि आकृतीत उमटते ती नेमकी सरळ तिरपी रेषा. शिवाय खडकात रोवलेले तळाचे ५ मीटरही त्याच रेषेत कललेले दिसत असतील, तर ही हालचाल उताराची नाही. म्हणून आजच दोन्ही दिशांनी नोंद घ्यावी, दोहोंची बेरीज सर्व खोलीवर जवळपास सारखी येते का ते पाहावे, आणि एकत्रित विस्थापनाऐवजी प्रत्येक टप्प्यातील फरकाची आकृती काढावी. खरी घसरण असेल तर ती तिथे एका विशिष्ट खोलीवर टोकासारखी उठून दिसते.

खडकवाट

ग्राउटमध्ये थेट गाडलेला पिझोमीटर मला पटत नाही. टोकाभोवती वाळूचा थर आणि त्यावर बेंटोनाइटची सील हीच रूढ पद्धत आहे. ग्राउट पाणी अडवत असेल तर सेन्सरला जमिनीतला दाब कळणार कसा? त्यामुळे ५.१ हा आकडा मी ग्राह्य धरणार नाही.

भूस्तर

खडकवाट, सेन्सरचा पडदा दाबला जाण्यासाठी पाण्याचा अत्यल्प अंश पुरतो, त्यामुळे कमी पारगम्यतेच्या, म्हणजे पाणी फारसे झिरपू न देणाऱ्या, ग्राउटमधूनही तो काही मिनिटांत प्रतिसाद देतो. उलट धोका असतो तो ग्राउट जमिनीपेक्षा फार पारगम्य झाल्यास, कारण मग बोअरमधून पाणी वर-खाली वाहते. पी. आर. वॉन यांनी १९६९ मध्येच दाखवले होते की ग्राउटची पारगम्यता भोवतालच्या जमिनीच्या सुमारे शंभर पट असली तरी दाबाच्या मापनात मोठी चूक येत नाही.

संथ आहे ती आपली नळीच. ह्वोर्स्लेव्ह यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या सूत्राने मी हिशोब केला. टोकाचा गाळणभाग १ मीटर लांब व १०० मिलिमीटर व्यासाचा आणि चिकणमातीची पारगम्यता १० चा उणे ९ वा घात मीटर प्रति सेकंद धरली, तर ५० मिलिमीटरच्या नळीचा मूळ विलंब सुमारे ११ दिवस येतो आणि दाबातील बदलाचा ९० टक्के भाग दिसायला साधारण २५ दिवस लागतात. पावसाने वाढलेला दाब तोवर ओसरूनही गेलेला असतो. नळी २० मिलिमीटरची असती तर हेच काम सुमारे ४ दिवसांत झाले असते.

एक गोष्ट मात्र तपासायलाच हवी. सेन्सरची शून्य नोंद कुठे आणि कशी घेतली होती?

उतारपाहणी

त्याच जागी, बोअरच्या तोंडाशी, सेन्सर पाण्यात भिजवून आणि तापमान स्थिर झाल्यावर घेतली होती. हवेच्या दाबाची दुरुस्ती केलेली नाही.

भूस्तर

मग काळजीचे कारण नाही. हवेचा दाब १० मिलिबारने बदलला तरी पाण्याच्या पातळीत सुमारे १० सेंटिमीटरचाच फरक दिसतो; आपला फरक १.३ मीटरचा, म्हणजे जवळपास १३ किलोपास्कलचा आहे. शून्य नोंद समुद्रसपाटीला घेऊन सेन्सर उंच डोंगरावर बसवला असता, तर त्याने दाब कमी दाखवला असता, जास्त नव्हे. स्थैर्याच्या हिशोबात ५.१ मीटरच धरावे.

खडकवाट

हिशोब मला मान्य आहे, पण नळी टाकून देऊ नये. तिच्यातले पाणी उपसून पातळी किती वेगाने परत चढते ते नोंदवावे, म्हणजे पारगम्यता गृहीत धरावी लागणार नाही. गाळणभाग नेमका किती लांब आहे, हेही पाहावे. इटलीतील वायोंत धरणाच्या जलाशयात ९ ऑक्टोबर १९६३ रोजी जो डोंगरउतार कोसळला आणि ज्यात सुमारे २००० माणसे गेली, त्या उतारातही पिझोमीटर होते. परंतु त्यांच्या नळ्या लांबपर्यंत सच्छिद्र असल्यामुळे निरनिराळ्या थरांतील दाब त्यांत मिसळत होते, आणि घसरणपृष्ठावरचा दाब त्यांवरून वेगळा काढणे शक्य नव्हते.

उतारपाहणी

दोन्ही दिशांनी नोंद घेतली. तिरपी रेषा जवळपास नाहीशी झाली आणि खडकातला भाग स्थिर दिसतो. मात्र ११ ते १२ मीटरच्या दरम्यान लागोपाठच्या दोन टप्प्यांत मिळून ३ मिलिमीटरचा फरक उरतो, तोही उताराच्या दिशेने. ही उपकरणाची चूक मानता येईल का?

जलरेषा

नाही. दोन्ही दिशांची बेरीज तिथेही सुसंगत असेल, फरक एकाच खोलीवर असेल आणि त्याच खोलीवर पिझोमीटर पावसानंतर दाब वाढलेला दाखवत असेल, तर हे घसरणपृष्ठच समजावे. एकूण विस्थापनापेक्षा त्याचा वेग महत्त्वाचा आहे, म्हणून आता रोज नोंद घ्यावी, उताराच्या पृष्ठभागावर टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षण उपकरणाने) मोजता येतील असे बिंदू बसवावेत आणि या आकड्यांसह जबाबदार भूतंत्र अभियंत्याशी आजच बोलावे. वाहतुकीचा निर्णय त्यांनी पावसाचा अंदाज पाहून घ्यायचा आहे, पण ३ मिलिमीटरचा आकडा त्यांच्यापासून एक दिवसही लांबवू नये.

यापुढे खरा प्रोब उतरवण्याआधी प्रत्येक वेळी नकली प्रोब सोडून पाहावा. घसरण वाढली की केसिंग त्याच खोलीवर वाकते, आणि तिथे अडकलेला प्रोब सहसा परत मिळत नाही.