शनिवारी हॉलच्या टीव्हीवर परिक्रमेचे फोटो: केबलचं काय करायचं?

जोशीकाका, बी-४०२: नमस्कार मंडळी. शनिवारी हॉलमध्ये नर्मदा परिक्रमेचे फोटो दाखवायचे ठरलंय. त्यासाठी टाइप-सी ते एचडीएमआय अशी केबल ३५० रुपयांना आणली. एक टोक फोनला, दुसरं टीव्हीला. पण टीव्हीवर नुसतं 'नो सिग्नल'. रिमोटवर एचडीएमआय १, २ दोन्ही करून पाहिलं. केबल खराब निघाली का?

मेधा, ए-१०३: काका, मी तर चार्जिंगची वायरच टीव्हीच्या यूएसबीत लावली होती. फोन चार्ज होत राहिला, पडद्यावर काही नाही.

निखिल, बी-२०१: काका, केबल चांगली असू शकते. फोन कुठला आहे? माहितीत यूएसबीपुढे काय लिहिलंय?

जोशीकाका: दोन वर्षांपूर्वी १३ हजारांना घेतला. मुलाने शोधून सांगितलं, 'टाइप-सी, यूएसबी २.०'.

निखिल: मग अडचण तिथेच आहे. टाइप-सी हा फक्त खाचेचा आकार, आणि २.० म्हणजे आतली जोडणी जुन्या, कमी वेगाची. त्या खाचेत २४ पिना असतात, पण स्वस्त फोनमध्ये चार्जिंग आणि साध्या डेटापुरत्याच जोडलेल्या असतात. टीव्हीला चित्र पाठवायला वेगळ्या, वेगवान जोड्या लागतात. त्यांवरून चित्र सोडायच्या सोयीला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. ती फोनच्या आतच नसेल तर ३५० ची केबल लावा नाहीतर ३,००० ची, टीव्ही कोराच राहणार. दुकानदार 'सगळ्या टाइप-सीला चालते' म्हणून देतो, आणि घेणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. याची मला फार चीड येते. तुमचं काहीही चुकलेलं नाही, काका.

ही सोय बहुतेक महागड्या फोनमध्ये मिळते. सॅमसंगच्या एस मालिकेत २०१७ च्या एस८ पासून आहे, ए मालिकेतल्या बहुतेक फोनमध्ये नाही. आयफोनला २०२३ च्या १५ पासून टाइप-सी आलं आणि त्यातून चित्र निघतं. म्हणून केबल घेण्याआधी फोनच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउट' हे शब्द शोधा. नुसतं २.० दिसलं तर पैसे घालू नका.

शुभांगीकाकू, सी-३०४: आमच्या ह्यांचा आयफोन १३ आहे रे. त्याला?

निखिल: काकू, त्याला टाइप-सी नाही, ॲपलची जुनी लाइटनिंग नावाची खाच. तिच्यासाठी एचडीएमआयचा वेगळा अडॅप्टर मिळतो. कंपनीचाच घ्या. स्वस्तातल्या नकलांना बरेचदा चार्जरही जोडून ठेवावा लागतो आणि त्या मध्येच बंद पडतात.

मेधा: सुनीलचा एस मालिकेतलाच आहे. फोटो दिसतात, पण सिनेमा लावला की आवाज येतो आणि पडदा काळा!

निखिल: वहिनी, ती चोरी रोखायची कुलूपव्यवस्था, एचडीसीपी. फोन, अडॅप्टर आणि टीव्ही तिघांनाही ती कळावी लागते. मधला एक जरी अडला तरी ॲप चित्र दाखवत नाही. बहुधा अडॅप्टरच असतो. सिनेमा टीव्हीतल्याच ॲपवर बघा.

जोशीकाका: म्हणजे माझे फोटो टीव्हीवर येणारच नाहीत? शूलपाणीच्या झाडीतले मला मोठे करून दाखवायचे होते.

निखिल: येतील की! पेनड्राइव्हवर घालून टीव्हीच्या यूएसबीला लावता येतील, पण रिमोटने हवा तो फोटो शोधणं आणि मोठा करणं जिकिरीचं. तुम्हाला थांबून सांगायचंय, तेव्हा माझा लॅपटॉप घेऊ. त्याला एचडीएमआयची खाच आहे.

प्राची, सी-१०२: काका, माझे बाबा पण तुमच्याबरोबर होते ना, त्यांच्या फोनमधलेही फोटो आहेत. पण ते आयफोनचे, एचईआयसी नावाच्या फाइल-प्रकारातले.

निखिल: ते आधी जेपीजी करून दे. विंडोजवर एचईआयसी कधी उघडतात, कधी नाही.

जोशीकाका: उद्या सकाळी येऊ का? १,१०० च्या वर फोटो आहेत.

निखिल: या, काका. चार्जिंगची वायर बरोबर आणा, तिने फोन लॅपटॉपला जोडू. जोडल्यावर फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं, नाहीतर तो नुसता चार्ज होतो. आणि ती ३५० ची केबल पावतीसकट आणा. परत घेत असतील तर देऊन टाकू.

मेधा: हॉलच्या टीव्हीमागे हात पोचत नाही. स्टूल मी आणते.

निखिल: आणि ३ मीटरची एचडीएमआय वायर कोणाकडे आहे का? टीव्ही भिंतीवर वर आहे, माझी दीड मीटरची पुरणार नाही.

शुभांगीकाकू: आमच्या सेट-टॉप बॉक्सची लांब आहे. शनिवारी पाच वाजता काढून देते.