मदत हवी आहे : ब्रुगाडा सिंड्रोम, आयसीडीचे शॉक आणि अ‍ॅब्लेशन

नमस्कार. रुग्ण माझा मावसभाऊ, वय ३६. त्याला ब्रुगाडा सिंड्रोम आहे (हृदयाच्या विद्युतसंदेशांतला आनुवंशिक दोष, ज्यात अचानक जीवघेणी लय सुरू होऊ शकते). ईसीजी टाइप १ (या आजाराचा ठळक आकार), एससीएन५ए जनुकात दोष सापडलाय. चार महिन्यांत आयसीडीचे (छातीत बसवलेलं, लय बिघडली की शॉक देणारं यंत्र) तीन शॉक, तिन्ही पहाटे झोपेत. डिव्हाइस तपासलं तर तिन्ही वेळा खरंच व्हीएफ (हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात ती जीवघेणी लय) होतं. क्विनिडीन या लय सांभाळणाऱ्या औषधाने जुलाब थांबेनात, म्हणून ते बंद केलं. आता हृदयाच्या बाहेरच्या बाजूने अ‍ॅब्लेशन (दोषी भाग जाळणं) सुचवलंय. बाहेरूनच का? नंतर आयसीडी काढता येतं का? होकार देण्याआधी काय विचारावं?

प्रतिसाद १

आयसीडी काढायचं नाही, हे आधीच सांगते. अ‍ॅब्लेशनने शॉक थांबू शकतात, पण जनुकातला दोष जागेवरच राहतो.

बाहेरून अशासाठी की दोष तिथेच आहे. उजव्या जवनिकेचा (हृदयाच्या खालच्या कप्प्याचा) फुफ्फुसाकडे जाणारा वरचा भाग, म्हणजे आरव्हीओटी, त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर विद्युतसंदेश तुटक आणि उशिरा येतात. थायलंडमधल्या नादेमानी यांच्या गटाने २०११ मध्ये नऊ रुग्णांत हे दाखवलं. तिथेच जाळल्यावर ईसीजीसुद्धा बदलला.

छातीच्या मधल्या हाडाखालून सुई हृदयावरणात घालतात. त्यातून सोडलेली तार एक्स-रेवर हृदयाच्या डाव्या कडेला वळसा घालून एकाहून जास्त कप्प्यांवरून जाताना दिसली पाहिजे. तशी दिसत नसेल तर सुई उजव्या जवनिकेत शिरल्याची शंका घेतात, आणि खात्री होईपर्यंत जाड शीथ (कॅथेटर आत नेणारी नळी) पुढे सरकवत नाहीत. मग विद्युतसंदेशांचा नकाशा काढतात, अजमलिन (ब्रुगाडाचा दोष उघड करणारं औषध) देतात आणि पुन्हा नकाशा काढतात. औषधाने खराब पट्टा मोठा दिसतो. औषध न देता जाळलं तर काठ सुटतात. (अजमलिन मूळचं सर्पगंधेतलं, दिल्लीच्या हकीम अजमल खानांचं नाव दिलेलं.) शेवटी तेच औषध परत देऊन टाइप १ उमटत नाही ना, हे बघतात.

अडचणी कुठे येतात ते सांगते. हृदयावर चरबीचा थर जाड असला तर उष्णता खाली पोहोचत नाही. कोरोनरी धमनी जवळ असते, म्हणून जाळण्याआधी अँजिओग्राफी करून किमान ५ मिमी अंतर राखतात. कॅथेटर थंड ठेवणारं सलाइन हृदयावरणातच साचतं, ते शीथमधून सतत ओढून काढावं लागतं. सुईने रक्तस्राव झाला तर क्वचित छाती उघडावी लागते. म्हणून विचारा: अशा, बाहेरून केलेल्या केसेस किती केल्या? हार्ट सर्जन त्या दिवशी इमारतीत असतील का? अजमलिन किंवा त्याऐवजी दुसरं औषध उपलब्ध आहे का?

प्रतिसाद २

वरच्या उत्तरात भर. प्रोसिजरच्या वेळी आयसीडीची थेरपी बंद करतात. वॉर्डात हलवण्याआधी ती पुन्हा चालू केली का, हे तोंडी विचारा आणि नोंद बघा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

नंतरचे काही दिवस हृदयावरणाला सूज येते. खोल श्वास घेताना छातीत टोचतं, बारीक तापही येऊ शकतो. ब्रुगाडात ताप हाच व्हीएफचा मोठा चिथावणीखोर, त्यामुळे थर्मामीटर आणि पॅरासिटामॉल उशाशी असू द्या. ताप चढू लागला की लगेच गोळी, आणि उतरत नसेल तर ईसीजीसाठी रुग्णालय गाठा. सुजेमुळेही ईसीजीत एसटी हा रेषेचा तुकडा वर गेलेला दिसतो, तेव्हा पहिल्या आठवड्यातला कागद बघून अ‍ॅब्लेशन फसलं असं ठरवू नका.

मूळ प्रश्नकर्ता

आभार. प्रोसिजरच्या तारखेआधीच लागोपाठ शॉक बसले तर?

प्रतिसाद १

घरी थांबू नका. कॅज्युअल्टीत शिरताच 'ब्रुगाडा' हा शब्द सांगा. नेहमीच्या व्हीटीत (जवनिकेतून येणारी अतिवेगवान लय) सर्रास दिलं जाणारं अमिओडेरोन इथे कामाचं नाही. हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या आयसोप्रोटेरेनॉलची ड्रिप लागते. फ्लेकेनाइड आणि प्रोपाफेनोन ही लयीची औषधं तर अजिबात नकोत. निदानाचा कागद आणि जुना ईसीजी फोनमध्ये ठेवा.

आणि भावंडं, आईवडील, मुलं यांचे ईसीजी काढून घ्या. व्ही१, व्ही२ ही छातीवरची इलेक्ट्रोड नेहमीच्या चौथ्या फासळी-फटीबरोबरच तिसऱ्या आणि दुसऱ्या फटीतही लावायला सांगा. नेहमीच्या जागेवर नॉर्मल दिसणारा ईसीजी, इलेक्ट्रोड वर सरकवल्यावर टाइप १ निघू शकतो. तुमच्या घरात दोष सापडलेला आहे, त्यामुळे नातेवाइकांची जनुक तपासणी फक्त त्या एका जागेची करावी लागते. भावाच्या प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता ५० टक्के.